भूगर्भातील थर आणि पाण्याची चाल

पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर नीरा नदीचा पूल ओलांडला की सातारा जिल्ह्याची हद्द सुरू होते आणि शिरवळ लागते. खंडाळा तालुक्यातील हे गाव पूर्वीपासून वाटसरूंच्या मुक्कामाचे. यादवकालीन मानली जाणारी दगडी पाणपोई आजही येथे उभी आहे. मार्गावरच्या गावाने आल्यागेल्यास पाणी द्यावे, ही या भूमीची जुनी रीत तिच्यावरून लक्षात येते. आता शिरवळच्या परिसरात कारखाने आले, वसाहती वाढल्या, शेतीही बागायतीकडे वळली. पाण्याची मागणी वाढली आणि तिचा मोठा भार जमिनीखालच्या पाण्यावर पडू लागला.

हे पाणी मात्र सर्वत्र सारखे लाभत नाही. एका शेतातील विंधन विहिरीस चांगले पाणी लागते, तर बांधापलीकडे तितक्याच खोलीवर नुसती धूळ उडते. एक विहीर चैत्रातही गावाची तहान भागवते, तर दुसरी संक्रांतीनंतरच तळ गाठते. याचे उत्तर नशिबात शोधण्याची आवश्यकता नाही. ते खडकांच्या रचनेत आहे. पाणाड्याने जागा दाखविली आणि तेथे पाणी लागले, तरी ते दररोज किती मिळेल आणि किती महिने पुरेल, हे त्या जागेवरून कळत नाही. त्यासाठी खडकातून पाणी किती सहजतेने वाहते याचे मोजमाप करावे लागते. या मोजमापाची साधने फारशी अवघड नाहीत. परंतु ती न वापरता आखलेली पाणीपुरवठा योजना ऐन उन्हाळ्यात बंद पडू शकते आणि जलवाहिन्या, टाकी व नळ असूनही गावाला टँकरची वाट पाहावी लागते.

थरावर थर

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग बेसाल्ट या काळ्या खडकाने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठास पडलेल्या भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर पडला, पसरला आणि थंड झाला. एका प्रवाहावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे थर साचत गेले. सह्याद्रीच्या डोंगरांना दुरून पायऱ्यापायऱ्यांचे रूप दिसते ते यामुळेच. शिरवळहून दक्षिणेकडे निघालेला प्रवासी खंबाटकी घाट चढू लागला की रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या अंगावर ही रचना त्याला उघड्या डोळ्यांनी पाहावयास मिळते.

लाव्हारसाच्या प्रत्येक थराचे सर्वसाधारणपणे दोन भाग असतात. खालचा भाग घट्ट, जड आणि एकसंध असतो. विहीर खोदणारे त्याला काळा पाषाण म्हणतात. वरच्या भागातून थंड होताना वायू बाहेर पडल्यामुळे तो सच्छिद्र झालेला असतो; पुढे त्या छिद्रांत अनेकदा पांढरी खनिजे भरली गेली. हा खडक तुलनेने मऊ असतो आणि लवकर झिजतो. विहीर खोदणाऱ्यांच्या बोलीत तो मांजऱ्या होय. दोन प्रवाहांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या, चिकण मातीचा पातळ थर आढळतो. एक प्रवाह थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ लोटला, त्या काळातील झिजेची ती खूण आहे. या सर्वांच्या वर ऊन-पावसाने कुजलेल्या खडकाचा मुरूम, त्यावर माती आणि नदीकाठी गाळाचा अरुंद पट्टा असा क्रम असतो.

पाण्याच्या दृष्टीने या थरांचे स्वभाव भिन्न आहेत. मुरूम पाणी शोषतो, साठवतो आणि देतो. मांजऱ्यात सांधे व भेगा असतील तर तोही पाणी देतो. दोन प्रवाहांच्या सांध्यावरून पाणी वाहते. काळ्या पाषाणाला भेगा नसतील तर तो जवळजवळ कोरडाच असतो. तांबड्या मातीचा थर पाणी खाली जाऊ देण्यास नाखूष असतो, म्हणून घाटात अशा थरांच्या माथ्यावरून पावसाळ्यानंतर पाणी पाझरताना दिसते. ज्या थरातून पाणी साठते आणि वाहते त्याला जलधर असे म्हणतात. शिरवळच्या जमिनीखाली असा एकच अखंड जलधर नसून उतरंडीतील मडक्यांप्रमाणे एकावर एक जलधर आहेत आणि त्यांच्यामध्ये घट्ट खडकाची झाकणे आहेत.

साठवण आणि वहन

येथे दोन गोष्टींतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. खडकात पाणी किती मावते ही एक गोष्ट आणि त्यातून ते किती सहज वाहते ही दुसरी. चिकण मातीत पुष्कळ पाणी मावते, परंतु ती ते सहजासहजी सोडत नाही. पाण्याचे मातीचे मडके भरून ठेवले तर रात्रभरात त्याच्या अंगावर ओल येते, धार लागत नाही. सच्छिद्र खडकाचेही तसेच आहे. त्यातील छिद्रे एकमेकांना जोडलेली नसतील तर ती असून नसल्यासारखी.

खडकातून पाणी वाहू देण्याच्या गुणास पारगम्यता म्हणतात. तिचे गणित प्रथम मांडले ते फ्रेंच अभियंता हेन्री डार्सी यांनी. दिझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करीत असताना त्यांनी वाळूने भरलेल्या उभ्या नळातून पाणी सोडून प्रयोग केले आणि १८५६ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाळूतून वाहणारे पाणी हे दोन टोकांवरील पातळ्यांतील फरकाच्या प्रमाणात वाढते आणि वाळूच्या स्तंभाची लांबी वाढेल तसे कमी होते, असे त्यांना आढळले. पातळीचा उतार आणि स्तंभाचा छेद कायम ठेवला तर उरतो तो त्या पदार्थाचा स्वतःचा गुण. तोच पारगम्यतेचा गुणांक होय. तो मीटर प्रतिदिन या एककात सांगतात. पारगम्यतेस थराच्या जाडीने गुणले की त्या संपूर्ण थराची पारवहन क्षमता मिळते. विहिरीला पाणी किती वेगाने मिळेल हे प्रामुख्याने या क्षमतेवर ठरते.

ते किती काळ मिळेल हे साठ्यावर ठरते. केंद्र शासनाच्या भूजल अंदाज समितीने १९९७ मध्ये ठरविलेल्या पद्धतीनुसार वाळूच्या गाळातून आकारमानाच्या सुमारे १६ टक्के पाणी मिळू शकते असे धरतात. झिजलेल्या व सांधे असलेल्या बेसाल्टसाठी हे प्रमाण अवघे २ टक्के आहे. म्हणजे बेसाल्टच्या प्रदेशात एक हेक्टर क्षेत्रातील भूजलाची पातळी एक मीटरने खाली गेली तर सुमारे दोन लाख लिटर पाणी उपसले गेले असे समजावे. गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीत जो उपसा सहज खपून जातो, तो आपल्या कातळात पातळी झपाट्याने खाली नेतो, याचे कारण हेच.

आडवी वाट आणि उभी वाट

थरांच्या जमिनीचे मर्म एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, वर पाच मीटर मुरूम आहे आणि त्याची पारगम्यता दिवसाला दोन मीटर आहे. त्याखाली दहा मीटर घट्ट पाषाण असून त्याची पारगम्यता दिवसाला केवळ एक मिलिमीटर आहे. त्याखाली एक मीटर जाडीचा, भेगांनी भरलेला सांधा असून त्याची पारगम्यता दिवसाला वीस मीटर आहे. अशी एकूण जाडी सोळा मीटर झाली.

पाणी आडवे वाहते तेव्हा प्रत्येक थर आपापल्या कुवतीप्रमाणे हातभार लावतो. मुरमाची पारवहन क्षमता १०, सांध्याची २० आणि पाषाणाची जेमतेम ०.०१, अशी एकूण सुमारे ३० चौरस मीटर प्रतिदिन भरते. सोळा मीटरमधील एक मीटरचा सांधा दोनतृतीयांश पाणी वाहून नेतो, आणि दहा मीटरच्या पाषाणाचा वाटा नगण्य राहतो. सरासरी आडवी पारगम्यता दिवसाला सुमारे १.९ मीटर येते.

पाणी वरून खाली झिरपू लागते तेव्हा मात्र त्याला प्रत्येक थर ओलांडावाच लागतो. तेथे सर्वांत घट्ट थराचे राज्य चालते. या उदाहरणात सरासरी उभी पारगम्यता दिवसाला सुमारे १.६ मिलिमीटर येते. याचा अर्थ एकाच जमिनीत आडवी वाट उभ्या वाटेपेक्षा सुमारे पावणेबाराशे पट सोपी आहे. पावसाचे पाणी जागच्या जागी खाली मुरून खोलवरच्या सांध्यास लगेच मिळेल ही अपेक्षा अशा ठिकाणी फोल ठरते. त्या सांध्यास पाणी मिळते ते दूरवर जेथे तो थर उघडा पडला आहे किंवा जेथे पाषाणास उभ्या भेगा आहेत तेथून. विंधन विहिरीच्या जागी बांध घातला आणि तरीही विहिरीस पाणी वाढले नाही, असा अनुभव काही गावांना येतो, त्याचे एक कारण येथे सापडते.

उपसा चाचणी

थरांचे हे गुण जागेवर मोजण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे उपसा चाचणी. चाचणीपूर्वी विहिरीचा उपसा थांबवून पाण्याची स्थिर पातळी मोजून घेतात. नंतर पंप सुरू करून ठरावीक दराने अखंड उपसा करतात आणि पातळी किती खाली जाते याची नोंद ठेवतात. पहिल्या काही मिनिटांत दर मिनिटास, पुढे दर पाच, दहा आणि तीस मिनिटांनी अशी ही नोंद असते, कारण पातळी आरंभी भराभर उतरते व नंतर तिचा वेग मंदावतो. उपशाचा दर मोजण्यास २०० लिटरचे पिंप आणि घड्याळ एवढी सामग्रीही पुरते. पिंप भरण्यास २ मिनिटे ५३ सेकंद लागले तर उपसा दिवसाला सुमारे १०० घनमीटर आहे असे समजते.

या नोंदींवरून निष्कर्ष काढण्याचे सूत्र अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स थाइस यांनी १९३५ मध्ये दिले. १९४६ मध्ये कूपर व जेकब यांनी त्याचे सोपे रूप मांडले. वेळ दहापट होत असताना, म्हणजे दहाव्या मिनिटापासून शंभराव्या मिनिटापर्यंत, पातळी किती उतरली हे पाहावयाचे. दिवसाला १०० घनमीटर उपसा असताना ही घट दीड मीटर भरली तर थराची पारवहन क्षमता दिवसाला सुमारे १२ चौरस मीटर येते. घट जितकी कमी, तितका थर अधिक उदार. जवळच दुसरी निरीक्षण विहीर असेल आणि तीतील पातळीही मोजली, तर थराच्या साठवणीचाही अंदाज करता येतो आणि उपशाचा परिणाम किती दूर पोहोचतो हे कळते.

चाचणी बिनचूक होण्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात. उपसलेले पाणी विहिरीजवळच सोडले तर ते मुरमातून पुन्हा विहिरीत येते आणि विहीर आहे त्यापेक्षा श्रीमंत भासते. म्हणून ते पाटाने किंवा नळीने दूर न्यावे. आसपासच्या विहिरींवरील पंप चाचणीच्या काळात बंद असावेत. मध्येच वीज गेली तर पातळी वर चढते आणि नोंदींचा क्रम तुटतो, अशा वेळी पातळी पूर्ववत झाल्यानंतर चाचणी नव्याने करणे इष्ट.

थरांच्या जमिनीत या नोंदींचा आलेख पुष्कळ काही सांगून जातो. रेषा समान उतरत असताना एकाएकी तीव्र उतरू लागली, तर पाणी देणारा एखादा थर पातळीच्या वर राहून कोरडा पडला असे समजावे. रेषा सपाट होऊ लागली तर वरच्या किंवा खालच्या थरातून गळतीने पाणी येत आहे, अथवा उपशाचा परिणाम नदी-तलावापर्यंत पोहोचला आहे, असा अर्थ असू शकतो. मधल्या घट्ट थरातून होणाऱ्या अशा गळतीचे गणित हंतुश व जेकब यांनी १९५५ मध्ये मांडले. त्यामुळे आडव्या वहनाच्या चाचणीतूनच उभ्या वहनाचाही सुगावा लागू शकतो.

उघडी विहीर आणि विंधन विहीर

आपल्या भागातील उघड्या विहिरी रुंद असतात. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. पंप सुरू केल्यावर पहिले काही तास विहिरीत साठलेले पाणीच बाहेर येते, खडकाची खरी परीक्षा तोवर झालेलीच नसते. अशा विहिरींसाठी पॅपाडोपुलॉस व कूपर यांनी १९६७ मध्ये स्वतंत्र सूत्र दिले. व्यवहारात मात्र उपसा थांबविल्यानंतर पाणी कसे चढते हे पाहणे अधिक सोयीचे असते. पंप बंद झाल्यावर पहिल्या तासात पातळी अर्धा मीटर वर आली, तर त्या विहिरीस झऱ्यांतून तासाला सुमारे १४ हजार लिटर पाणी येत होते. पातळी जसजशी वर येते तसतशी आवक कमी होत जाते. पाणी चढण्याच्या या नोंदी घेताना पंपाची किंवा विजेची गरज नसते. टेप, घड्याळ आणि वही पुरेशी होते.

विंधन विहिरीची स्थिती निराळी. छिद्र पाडून झाल्यावर यंत्रवाले दाबाच्या हवेने पाणी उसळवून दाखवितात आणि त्यावरून तासाला अमुक लिटर असा आकडा सांगितला जातो. हा आकडा त्या घटकेचा असतो. भेगांत अनेक महिन्यांचे साठलेले पाणी त्यात असते. ते संपल्यावर भेगांना मागून किती पाणी मिळते, हे थोड्या मिनिटांच्या उसळीवरून कळणे शक्य नाही. त्यासाठी अनेक तासांची उपसा चाचणीच हवी.

एकेका थराची चाचणी

संपूर्ण विहिरीची चाचणी सर्व थरांचे मिळून एकच उत्तर देते. कोणता थर पाणी देतो आणि कोणता नाही, हे जाणण्यासाठी छिद्राचा एकेक भाग स्वतंत्र करून तपासावा लागतो. त्याकरिता नळीवर बसविलेले रबरी फुगे छिद्रात सोडून फुगवितात. दोन फुग्यांमधील काही मीटरचा भाग त्यामुळे बंदिस्त होतो. त्या भागात ठरावीक दाबाने पाणी सोडून खडक किती पाणी पितो हे मोजतात. दाब पायरीपायरीने वाढवून पुन्हा तसाच कमी करतात. दोन्ही वेळच्या आकड्यांत फरक पडला तर दाबाने भेगा रुंदावल्या, धुतल्या गेल्या किंवा बुजल्या हे ओळखता येते.

ही पद्धत स्वित्झर्लंडचे भूवैज्ञानिक मॉरिस लुजाँ यांनी १९३३ मध्ये धरणांच्या पायाच्या तपासणीसाठी सुचविली. एक मीटर लांबीच्या छिद्रात, दर चौरस सेंटिमीटरला दहा किलोग्रॅम दाबाखाली, मिनिटाला एक लिटर पाणी शोषले गेले तर त्यास एक लुजाँ म्हणतात. भारतीय मानक ५५२९ च्या दुसऱ्या भागात खडकातील अशा चाचणीची रीत दिलेली आहे. धरणाच्या पायाखालील कोणत्या थरात सिमेंटचे मिश्रण दाबाने भरावयाचे हे या चाचणीवरून ठरवितात. कोयनेसारखी साताऱ्याची धरणे याच थरांच्या कातळावर उभी आहेत. पाया खणताना लागलेली तांबड्या मातीची पातळ पट्टी किंवा प्रवाहांमधील सांधा अभियंत्यांना का महत्त्वाचा वाटतो, हे यावरून ध्यानात येईल.

याहून साधी चाचणीही आहे. अरुंद छिद्रात एकदम ठरावीक पाणी ओतावयाचे आणि पातळी पूर्ववत होण्यास किती वेळ लागतो ते पाहावयाचे. पातळी काही क्षणांत उतरली तर खडक मोकळा, तासन् तास तशीच राहिली तर घट्ट. या निरीक्षणाचे सूत्र १९५१ मध्ये व्होर्सलेव्ह यांनी दिले. तिचा निष्कर्ष छिद्राच्या लगतच्या खडकापुरताच खरा असतो. त्यामुळे गावाच्या योजनेचा उद्भव ठरविण्यास ती एकटी पुरेशी नाही.

ऑक्टोबरचे पाणी, मेचे पाणी

साताऱ्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे सरकताना तो झपाट्याने कमी होतो आणि शिरवळचा परिसर पर्जन्यछायेच्या बाजूस येतो. पावसाळ्यानंतर मुरूम पाण्याने भरलेला असतो, म्हणून ऑक्टोबरात केलेल्या चाचणीत विहीर भरघोस पाणी देते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत मुरमातील पाणी उतरते आणि सगळा भार खालच्या पातळ सांध्यांवर येतो. आधीच्या उदाहरणात मुरूम कोरडा पडताच पारवहन क्षमता ३० वरून २० वर येते. खालचा सांधा तितका उदार नसेल तर ती जवळजवळ संपुष्टात येते. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाची चाचणी उन्हाळ्यात घेतली जावी. ऐन टंचाईत जो दर टिकतो, तोच योजनेचा आधार मानावा.

हा हिशेब किती निकडीचा आहे ते पाहू. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे मान धरले आहे. दोन हजार लोकवस्तीच्या गावास त्या मानाने दररोज १ लाख १० हजार लिटर पाणी लागते. उद्भवातून तासाला १० हजार लिटर मिळत असतील तर पंप ११ तास चालवावा लागेल. मे महिन्यात तोच उद्भव तासाला साडेचार हजार लिटर देऊ लागला, तर चोवीस तास पंप चालवूनही मागणी पुरती भागणार नाही. कागदावर पुरेशी दिसणारी योजना प्रत्यक्षात अपुरी पडते ती अशी.

छिद्र हीच नवी वाट

विंधन विहीर थरांची माहिती देते, त्याचबरोबर ती थरांची व्यवस्था बदलूनही टाकते. साधारणपणे वरच्या भुसभुशीत भागापुरतीच लोखंडी किंवा प्लास्टिकची नळी बसवितात. त्याखाली छिद्र उघडेच असते. निसर्गाने घट्ट पाषाणाचे झाकण ठेवून जे जलधर वेगळे राखले होते, ते या छिद्रामुळे एकमेकांस जोडले जातात. वरच्या थरातील पाणी छिद्राच्या भिंतीवरून खाली पडू लागते. विंधन विहिरीच्या तोंडाशी कान दिला असता पाणी पडल्याचा आवाज येतो, तो अनेक शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. खाली नव्याने मिळालेले पाणी म्हणून ज्याचा आनंद होतो, ते काही वेळा वरच्या उघड्या विहिरींचेच पाणी असते. अशी छिद्रे वाढत गेली की परिसरातील जुन्या विहिरी आटतात, आणि ज्यांना खोल जाणे परवडत नाही त्यांचे पाणी प्रथम जाते.

घट्ट थरांखाली कोंडलेल्या जलधरात उपशाचा परिणाम आडवा आणि फार लवकर पसरतो. म्हणूनच सार्वजनिक उद्भवाच्या संरक्षणाची तरतूद कायद्यात करावी लागली. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातला. पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा कायदा १ जून २०१४ पासून अमलात आला. त्यात ६० मीटरहून खोल विहिरींचा वेगळा विचार केला आहे. हे आकडे सर्व राज्यासाठी सामान्य आहेत. विशिष्ट गावात परिणाम प्रत्यक्षात किती दूर जातो, हे मात्र निरीक्षण विहिरीसह केलेली उपसा चाचणीच दाखवू शकते. दोन शेतकऱ्यांमधील किंवा शेतकरी व ग्रामपंचायत यांच्यातील वाद अशा नोंदींच्या आधारे मिटविणे सोपे जाते.

ग्रामपंचायतींचे आणि शाळांचे कार्य

महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७१ पासून कार्य करीत आहे. राज्याची सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत विभागणी करून निवडक निरीक्षण विहिरींतील पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत मोजण्याचा तिचा परिपाठ आहे. १ एप्रिल २०२० पासून अमलात आलेल्या अटल भूजल योजनेत राज्यातील १३ जिल्हे घेण्यात आले आणि त्यांत साताऱ्याचा समावेश होता. गावाने आपल्या पाण्याचा ताळेबंद स्वतः मांडावा, हे या योजनेचे सूत्र होते.

या दृष्टीने ग्रामपंचायतींनी काही गोष्टी कटाक्षाने पाळणे हितावह ठरेल. विंधन विहीर घेताना दर काही मीटरवर निघणाऱ्या चुऱ्याचे नमुने पिशव्यांत भरून त्यांवर खोली लिहून ठेवावी. पाणी कोणत्या खोलीवर लागले आणि पुढे कोठे वाढले याची नोंद करावी. नव्या उद्भवावर खर्च करण्यापूर्वी उन्हाळ्यातील उपसा चाचणी जिल्ह्यातील वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या कार्यालयाच्या मार्गदर्शनाखाली करून घ्यावी आणि तिच्या नोंदींची प्रत दप्तरी ठेवावी. वरचा जलधर गळू नये म्हणून नळी किती खोलवर बसवावी, याचाही सल्ला त्याच वेळी घ्यावा. कोरड्या ठरलेल्या विंधन विहिरीचे तोंड उघडे न ठेवता ते मजबूत झाकणाने बंद करावे. तिचा उपयोग निरीक्षण विहीर म्हणून करता येतो, आणि लहान मुलांना असलेला धोकाही टळतो.

शिक्षकांचे साहाय्य येथे मोलाचे आहे. गावातील चार-पाच विहिरींची पातळी दर महिन्याच्या ठरावीक तारखेस मोजून फळ्यावर आलेख काढणे, हा सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना सहज जमणारा उपक्रम आहे. मोठ्या व्यक्तीच्या देखरेखीखाली, कठड्यापासून सुरक्षित अंतर राखून तो करावा. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की कोणती विहीर पावसाबरोबर लगेच चढते आणि कोणती उशिरा, कोणत्या दोन विहिरी एकाच वेळी उतरतात, हे दिसू लागते. एकाच वेळी चढणाऱ्या-उतरणाऱ्या विहिरी बहुधा एकाच थरातील असतात. भूवैज्ञानिकास ही वही पुष्कळ श्रम वाचविणारी ठरेल.

नीरेच्या खोऱ्यात धरणे झाली, कालवे आले, त्यांचा लाभ मोठा आहे. तथापि, कालव्याच्या वरच्या अंगास असलेल्या वाड्यावस्त्यांचे पिण्याचे पाणी पुष्कळदा मुरमातून आणि कातळाच्या पातळ सांध्यांतूनच येते. तो सांधा किती जाडीचा आहे, किती पाणी देतो आणि कोणत्या महिन्यापर्यंत देतो, हे माहीत असलेल्या गावाला उपसा किती करावा, कोणते पीक घ्यावे आणि पिण्यासाठी किती पाणी राखून ठेवावे याचा निर्णय दिवाळीतच घेता येतो. चैत्र उजाडल्यावर घेतलेल्या निर्णयाने विहिरीत पाणी येत नाही.